व्यासंग, व्यसन आणि अनध्याय

१

एखाद्या गोष्टीच्या मागे लागलेल्या माणसाचे वर्णन करण्यास मराठीत शब्दांची वाण नाही. प्रथम त्या गोष्टीची हौस असते; हौस मुरली म्हणजे तिचा छंद होतो, छंदाचा नाद होतो आणि नादाचे वेड होते. तीच गोष्ट आदराने सांगावयाची झाली म्हणजे आपण नेम, ध्यास, व्यासंग असे शब्द योजतो. आणि निषेध करावयाचा झाला म्हणजे व्यसन हा एकच शब्द पुरतो. पहाटे चारला उठून वीस किलोमीटर धावणाऱ्या गृहस्थाविषयी शेजारी ‘त्यांचा नेम मोठा कडक’ असे म्हणतात, आणि घरची माणसे ‘त्यांना दुसरे काही सुचतच नाही’ असे म्हणतात. वर्तन एकच, परंतु त्याची नावे दोन. आणि कोणते नाव यथार्थ हे केवळ वर्तनाकडे पाहून सांगता येत नाही.

मॅरेथॉन, त्याहूनही लांब पल्ल्याच्या शर्यती, लांब अंतराचे सायकलिंग, पोहणे-सायकल-धावणे अशी तिहेरी स्पर्धा, ह्या दमसासाच्या खेळांत ज्यांना ना बक्षिसाची आशा आहे ना चरितार्थाची, अशा हौशी स्त्रीपुरुषांविषयी हा प्रश्न गेली पन्नासांहून अधिक वर्षे मानसशास्त्रात चर्चिला जात आहे. त्यांच्यातील काहींच्या वर्तनास ‘व्यायामाचे व्यसन’ हे नाव देण्यात आले, त्याची लक्षणे सांगण्यात आली, ती मोजण्यासाठी प्रश्नावल्या तयार झाल्या. ह्या सर्व विवेचनाचा येथे थोडक्यात परामर्श घ्यावयाचा आहे. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, ह्या संकल्पनेचे प्रवर्तक व तिचे टीकाकार हे दोघेही व्यायामाची मात्रा आणि त्याची ओढ ह्या दोन गोष्टींभोवती घोटाळत राहिले. परंतु व्यासंग व व्यसन ह्यांतील भेद तिसऱ्याच एका गोष्टीवर अवलंबून आहे. थांबण्याचे योग्य कारण समोर उभे राहिले असता थांबता येते की नाही, ही ती गोष्ट होय. हा भेद आपल्या वाङ्मयात पूर्वीच फार स्पष्टपणे रेखाटलेला आहे, असेही पुढे दिसून येईल.

हा केवळ शब्दांचा वाद आहे असे कोणी समजू नये. हाडाला तडा गेला असताही त्याच पायावर धावत राहणारा मनुष्य ह्या वादाच्या एका बाजूस उभा आहे. आणि निरोगी निष्ठेने वर्षानुवर्षे धावणारा, पण प्रश्नावलीच्या गुणांवरून रोगी ठरणारा मनुष्य दुसऱ्या बाजूस उभा आहे. पहिल्याला उपचार न मिळणे आणि दुसऱ्याला रोगाचे नाव मिळणे, हे दोन्ही अनर्थ सदोष संकल्पनेतूनच उद्भवतात.

२

ह्या विषयाचा प्रारंभ एका फसलेल्या योजनेतून झाला. १९७० साली फ्रेडरिक बेकेलँड ह्या अमेरिकन मनोवैद्यकाने व्यायाम बंद केल्यास झोपेवर काय परिणाम होतो ह्याविषयीचा आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यासाठी त्याला नित्य व्यायाम करणारी व महिनाभर तो सोडण्यास तयार असणारी माणसे हवी होती. आठवड्यातून पाच-सहा दिवस व्यायाम करणारे लोक पैसे देऊ केले तरी तयार होईनात. अखेरीस तीन-चार दिवस व्यायाम करणाऱ्यांवर त्याला समाधान मानावे लागले. त्यांनाही महिनाभरात झोपेचा बिघाड व अस्वस्थता जाणवली. बेकेलँडचे खरे संशोधन त्याच्या निष्कर्षांपेक्षा ह्या नकारात अधिक आहे, असे म्हणावेसे वाटते. जे प्रयोगात आलेच नाहीत, त्यांनीच पुढील सर्व प्रश्न निर्माण केला.

ह्याच काळात अमेरिकेत धावण्याची मोठी लाट उसळली. केनेथ कूपर ह्या वैद्याचे ‘एरोबिक्स’ १९६८ साली निघाले, जिम फिक्स ह्याचे धावण्यावरील बहुखपी पुस्तक १९७७ साली, तर जॉर्ज शीहान ह्या हृद्रोगतज्ज्ञाचे ‘रनिंग अँड बीइंग’ १९७८ साली. ह्या लाटेच्या ऐन भरात, १९७६ साली, विल्यम ग्लासर ह्या मनोवैद्यकाने ‘पॉझिटिव्ह अ‍ॅडिक्शन’ हा ग्रंथ लिहिला. त्याचे प्रतिपादन असे की, काही व्यसने मनुष्यास दुबळे करतात, तशीच काही त्यास सबळ करतात. धावणे आणि ध्यान ही अशा विधायक व्यसनांची उत्तम उदाहरणे होत. धावणे चुकले असता जी तगमग होते, ती ग्लासरच्या मते व्यसन जडल्याची खूण होती, आणि ती स्वागतार्ह होती.

तीनच वर्षांनी, १९७९ साली, विस्कॉन्सिन विद्यापीठातील विल्यम मॉर्गन ह्याने ‘धावणाऱ्यांतील विघातक व्यसन’ ह्या अर्थाच्या मथळ्याचा निबंध लिहून ह्या प्रतिपादनास उत्तर दिले. दिवस पार पाडण्यासाठी धावणे अपरिहार्य वाटणे आणि ते न घडल्यास चिंता, चिडचिड, विषण्णता अशी लक्षणे उद्भवणे, ह्या दोन गोष्टी जेथे आहेत तेथे व्यसन आहे, असे त्याने सांगितले. वैद्याने मनाई केली, नोकरी धोक्यात आली, संसार विस्कटला, तरी हे लोक धावतच राहतात, असे त्याचे निरीक्षण होते.

येथे समीक्षकाने क्षणभर थांबले पाहिजे. धावणे चुकल्यावर होणारी तगमग हे एकच लक्षण. त्यावरून १९७६ साली स्तुती झाली आणि १९७९ साली रोगनिदान झाले. ज्या लक्षणावरून परस्परविरुद्ध निर्णय देता येतात, ते लक्षण भेदक असू शकत नाही. प्रिय वस्तूच्या वियोगाने मन अस्वस्थ होते, एवढेच त्यावरून सिद्ध होते. आणि हे तर वाचन, गायन, संसार, मैत्री ह्या सर्वांनाच लागू आहे. ग्लासरच्या ग्रंथाबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. त्याने विधायक व्यसनासाठी काही अटी घातल्या होत्या : ती गोष्ट स्पर्धेची नसावी, तीस दिवसातून सुमारे तासभर द्यावा, आणि ती करताना मनुष्याने स्वतःस दोष देऊ नये. शर्यतीसाठी तयारी करणारा, घड्याळाशी झगडणारा आणि एक दिवस चुकला तर स्वतःस बोल लावणारा हौशी धावपटू ह्या तिन्ही अटींबाहेर पडतो. तरीही ‘विधायक व्यसन’ हे बिरुद त्यानेच अधिक आवडीने मिरविले. ग्रंथातील अटी गळाल्या आणि मथळा तेवढा उरला, असे अनेक लोकप्रिय ग्रंथांचे होते तसे ह्याचेही झाले.

मॉर्गनच्या निबंधात खरे मोल आहे ते त्याच्या शेवटच्या निरीक्षणास. वैद्याच्या मनाईनंतरही न थांबणे ही गोष्ट तगमगीहून वेगळ्या जातीची आहे. परंतु पुढील संशोधनाने नेमका हा धागा सोडला आणि तगमग मोजण्याचा मार्ग धरला.

३

प्रश्नावल्यांपैकी दोन विशेष प्रचारात आहेत. हाउझेनब्लास व डाउन्स ह्यांची २००२ सालची मापनश्रेणी मादक द्रव्यांवरील परावलंबनाच्या तत्कालीन निकषांवर उभारलेली असून तीत २१ विधाने आहेत. टेरी, साबो व ग्रिफिथ्स ह्यांची २००४ सालची सूची अवघ्या सहा विधानांची आहे. प्रत्येक विधानास एक ते पाच गुण. तिसांपैकी चोवीस वा अधिक गुण मिळाल्यास त्या व्यक्तीस व्यसनाचा धोका आहे, असे समजावयाचे. ही सहा विधाने व्यसनाच्या सहा घटकांशी जोडलेली आहेत : आयुष्यात त्या गोष्टीला मिळालेले प्राधान्य, तिच्यामुळे होणारा मनोवस्थेतील पालट, मात्रेची वाढ, खंड पडल्यावर येणारी चिडचिड, आप्तांशी संघर्ष, आणि कमी केल्यानंतर पुन्हा पूर्वपदावर येणे.

ह्या घटकांची कसोटी दमसासाच्या खेळावर लावून पाहावी. मॅरेथॉनची, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरची, तयारी करणारा कोणीही आपली मात्रा वाढवितोच; महिन्यामागून महिना अंतर वाढवीत नेणे हाच त्या तयारीचा क्रम आहे. मद्यप्याचा पेला वाढतो तो पूर्वीच्या पेल्याने काम भागत नाही म्हणून. धावणाऱ्याचे अंतर वाढते ते शर्यतीचे अंतर ठरलेले आहे म्हणून. दोन्ही वाढींना एकच गुण देणे म्हणजे पायरी चढणे आणि घसरत जाणे ह्यांना एकच गती म्हणणे होय. पूर्वपदावर येण्याचेही तसेच. शर्यतीनंतर विश्रांती घेऊन पुन्हा सरावास लागणे हे शहाण्या धावपटूचे लक्षण. सूचीच्या हिशेबी मात्र तेच पुनरावर्तन ठरते. मनाची उभारी वाढावी म्हणून धावणे हे तर वैद्यही सांगतात. अशा रीतीने सहांपैकी तीन घटकांत पूर्णपणे निरोगी मनुष्य भरघोस गुण मिळवून बसतो.

संघर्षाचा घटक अधिक नाजूक आहे. घरात भांडण झाले की नाही, एवढेच विचारल्याने दोष कोणाचा हे कळत नाही. १९६७ साली बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्विट्झर धावत असता एका पदाधिकाऱ्याने तिला शर्यतीतून ओढून काढण्याचा प्रयत्न केला, कारण ती स्त्री होती. त्या शर्यतीत स्त्रियांना अधिकृत प्रवेश १९७२ साली मिळाला, आणि ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ साली प्रथम झाली. ह्या काळात धावणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या खात्यावर संघर्षाचे गुण पडलेच असते. आपल्याकडेही पहाटे एकटीने धावावयास बाहेर पडणाऱ्या सुनेच्या घरी कुरबुर होत असेल, तर तिचे कारण व्यसनात शोधण्यापूर्वी घराच्या रीतीत शोधावे लागेल. संघर्ष ही सामाजिक घटना आहे. तिला व्यक्तीच्या मनाचे लक्षण समजणे ही प्रमाणाची चूक आहे.

ह्याचा अर्थ प्रश्नावल्या निरुपयोगी आहेत असा नाही. ज्यांनी ही सूची रचली त्यांच्यापैकीच साबो ह्याने २०१५ साली सहकाऱ्यांसह लिहून अशा मापनाच्या मर्यादा दाखविल्या, हे त्याच्या विद्वत्तेस शोभणारेच आहे. प्रश्नावली धोक्याची सूचना देऊ शकते, निदान करू शकत नाही, हे त्या लेखनाचे तात्पर्य. परंतु आमच्या मते अडचण मापनाच्या स्थूलपणाची तेवढी नाही. जे मोजले जाते तेच मुळात भेदक नाही.

४

मात्रा व ओढ ह्यांनी भागेना, तेव्हा विद्वानांनी साम्याचा आश्रय घेतला. १९८३ साली येट्स, लीही व शिस्लाक ह्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये, अन्नवर्ज्यतेच्या विकाराने पछाडलेल्या तरुणी आणि धावण्याने झपाटलेले पुरुष ह्यांची तुलना करून दोघांत एकच प्रवृत्ती असावी काय, असा प्रश्न उपस्थित केला. पुढच्याच वर्षी ब्लूमेन्थल व सहकाऱ्यांनी दोन्ही गटांची प्रत्यक्ष मानसपरीक्षा घेतली, तेव्हा धावणाऱ्यांचे गुणांक सर्वसामान्य माणसांच्या मर्यादेतच आढळले. १९८७ साली डेव्हिड व्हील ह्याने त्यातून एक उपयुक्त भेद काढला : आहारविकाराच्या पोटी येणारे व्यायामाचे परावलंबन ते दुय्यम, आणि स्वतंत्रपणे उद्भवणारे ते प्राथमिक. पुढे १९९५ साली, प्राथमिक प्रकार खरोखर अस्तित्वात आहे काय, अशी शंकाही त्याने स्वतःच विचारली.

शरीरशास्त्रानेही निर्णायक साक्ष दिलेली नाही. धावण्यातून मिळणाऱ्या धुंदीचे श्रेय अनेक वर्षे शरीरात निर्माण होणाऱ्या अफूसदृश द्रव्यांना दिले जाई, आणि त्यामुळे ‘व्यसन’ हा शब्द रसायनशास्त्राच्या आधाराने उच्चारला जाई. परंतु २०२१ साली जर्मनीत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ह्या द्रव्यांचा परिणाम रोखणारे औषध दिल्यानंतरही ती धुंदी अनुभवास आली. रोगवर्गीकरणाचे म्हणावे, तर अमेरिकन मनोवैद्यक संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीत वर्तनाच्या व्यसनांत केवळ जुगारास स्थान मिळाले. व्यायामासाठी पुरावा पुरेसा नाही, असे ठरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या वर्गीकरणात जुगाराच्या जोडीस संगणकीय खेळ आले, व्यायाम आला नाही.

तथापि नाव निश्चित नसले म्हणून दुःख खोटे ठरत नाही. न भरलेल्या अस्थिभंगावर धावणारे लोक आहेत; खर्च होणाऱ्या शक्तीच्या मानाने अन्न न घेतल्याने हाडे ठिसूळ झालेले व मासिक पाळी बंद पडलेल्या तरुण स्त्रिया आहेत, आणि ह्या ऊर्जान्यूनतेची दखल आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली स्वतंत्रपणे घेतली आहे. तेव्हा संकल्पना टाकून देता येत नाही. ती नीट उभी करावी लागते.

५

ह्या ठिकाणी ‘व्यसन’ ह्या शब्दाकडेच वळणे उपयुक्त ठरेल. कारण पाश्चात्त्य संज्ञेसाठी आपण जो शब्द सहज उचलला, त्याच्या इतिहासात प्रस्तुत प्रश्नाची चर्चा आधीच होऊन गेली आहे. संस्कृतात व्यसन म्हणजे मूळ संकट, भ्रंश. राजाला भ्रष्ट करणाऱ्या सवयींना नीतिकारांनी हे नाव दिले. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात अशी अठरा व्यसने सांगितली असून कामज व्यसनांच्या यादीत पहिलेच नाव मृगयेचे आहे. द्यूत आणि मद्य ह्यांच्या पंक्तीस मृगया बसविलेली पाहून आजच्या वाचकास नवल वाटेल. परंतु मृगया हा त्या काळच्या क्षत्रियाचा दमसासाचा खेळच होता. हिंसा हा तिचा वेगळा दोष. येथे प्रश्न तिच्या पकडीचा आहे.

कौटिल्याने अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात ह्यावर वाद मांडला आहे. मृगया द्यूताहून वाईट, कारण तीत चोर, श्वापदे, वणवा, दिशाभूल, भूक, तहान असे प्राणावरचे धोके आहेत, हे पिशुनाचे मत. कौटिल्य ते खोडून काढतो : मृगयेत व्यायाम घडतो, कफ, पित्त, मेद व घाम ह्यांचा नाश होतो, चल व अचल लक्ष्याचा वेध साधतो. इतके गुण सांगूनही तो मृगयेस व्यसनांच्या यादीतून काढीत नाही. एखादी गोष्ट हितकर असणे आणि ती व्यसन असणे ह्यांत विरोध नाही, हा त्यातील मथितार्थ. ग्लासर व मॉर्गन हे दोघेही हितकर की अहितकर ह्या एकाच प्रश्नावर अडले. कौटिल्याने ते दोन प्रश्न वेगळे ठेवले.

परंतु ह्या प्रश्नाचे मर्म उलगडले ते कालिदासाने, आणि तेही दोन ग्रंथांत दोन राजे उभे करून. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात सेनापती मृगयेची स्तुती करतो : मेद झडतो, पोट आत जाते, शरीर हलके व उत्साही होते; अशा गोष्टीला लोक उगाच व्यसन म्हणतात. आजच्या धावण्याच्या पुस्तकांतील पहिले प्रकरण वाचीत आहोत असाच भास होतो. पण कवीने ही स्तुती कोणाच्या तोंडी आणि केव्हा घातली आहे हे पाहण्याजोगे आहे. ती करण्यापूर्वीच सेनापती विदूषकास हळूच सांगून ठेवतो की, तू आपल्या विरोधावर ठाम राहा, मी धन्याच्या मर्जीप्रमाणे बोलतो. स्तुती खोटी नाही. परंतु ती स्वामीच्या कलाने बोलणाऱ्याची आहे. दुसरीकडे विदूषकाची तक्रार ही घरच्या माणसाची तक्रार आहे : सांधे ठेचाळले, वेळेवर जेवण नाही, झोप नाही. दुष्यंत व्यसनी आहे की नाही हे स्तुतीवरूनही ठरत नाही आणि तक्रारीवरूनही ठरत नाही. ते पहिल्या अंकातच ठरलेले आहे. रथ भरधाव सोडलेला, मृग टप्प्यात आलेला, बाण जोडलेला. आणि हा आश्रमाचा मृग आहे, असे तपस्वी म्हणताच राजा बाण उतरवितो. ओढीच्या परमोच्च क्षणी एका शब्दाने तो थांबला.

रघुवंशाच्या नवव्या सर्गातील दशरथाची गोष्ट ह्याच्या उलट आहे. सर्गाच्या आरंभी कवी आवर्जून सांगतो की, मृगया, द्यूत, मद्य ह्यांपैकी काहीही त्याला कर्तव्यापासून ओढू शकले नाही. म्हणजे हा मूळचा दुर्बल पुरुष नव्हे. पुढे तो मृगयेस निघतो तोही सचिवांची अनुमती घेऊन, आणि तिचे गुणही कवी सांगतो. श्रमावर जय मिळविल्याने शरीर कसदार होते, हा त्यांतीलच एक. मग हळूहळू चित्र पालटते. सतत सेवनाने आसक्ती वाढत गेली, राज्याचा भार सचिवांवर पडला, इतर कर्तव्यांचा विसर पडला, आणि चतुर रमणीने ओढून न्यावे तसे मृगयेने त्याला ओढून नेले. तो परिवारापासून दूर, एकटा रात्र काढतो. आणि तमसेच्या तीरी घड्याचा आवाज ऐकून, हत्ती समजून, बाण सोडतो. वन्य हत्तीवर बाण सोडणे राजास निषिद्ध आहे, हे त्याला ठाऊक होते. तो निषेध ओलांडून त्याने बाण सोडला, असे कवी स्पष्ट म्हणतो. मुनिकुमार मेला तो चुकून. निषेध ओलांडला गेला तो जाणूनबुजून.

मृगया तीच, गुणवर्णन जवळजवळ तेच, दोन्ही राजे सारखेच पराक्रमी. भेद एवढाच की, एकाला स्वतःस मान्य असलेला निषेध थांबवू शकला, दुसऱ्याला थांबवू शकला नाही. व्यसनाचे भेदक लक्षण ह्याहून नेमके सांगता येणार नाही. ‘स्वतःस मान्य असलेला’ हे विशेषण येथे महत्त्वाचे आहे. शेजाऱ्याची नापसंती किंवा घरच्या रूढीचा अडसर हे थांबण्याचे कारण होऊ शकत नाही. धावपटू ज्या कारणाला शांतपणे विचारले असता स्वतःच योग्य म्हणेल, उदाहरणार्थ तडा गेलेले हाड, छातीतील कळ, आजारी मूल, त्या कारणापुढेही जर तो थांबू शकत नसेल, तर तेथे व्यसन आहे. मग तो दिवसाला वीस किलोमीटर धावो की पाच.

६

हा निकष प्रत्यक्ष चरित्रांवर लावून पाहावा. इंग्लंडचा रॉन हिल हा वस्त्ररसायनशास्त्रातील डॉक्टर. १९७० साली त्याने बॉस्टनची मॅरेथॉन जिंकली. तो अव्वल दर्जाचा धावपटू खरा, परंतु त्याची ख्याती झाली ती स्पर्धेचे दिवस सरल्यानंतरही चालू राहिलेल्या एका नेमामुळे. डिसेंबर १९६४ पासून जानेवारी २०१७ पर्यंत, बावन्न वर्षांहून अधिक काळ, दिवसाला किमान एक मैल धावण्यात त्याने खंड पडू दिला नाही. पायाच्या शस्त्रक्रियेनंतर त्याने कुबड्यांवर मैल पुरा केला. १९९३ साली मोटार-अपघातात छातीचे हाड मोडले, तरी नेम मोडला नाही. आमच्या निकषाने त्या दिवशी तो व्यसनी होता, असेच म्हणावे लागते. गौरवपर लेखांनी ह्या प्रसंगांस पराक्रम म्हटले, म्हणून त्यांचे स्वरूप बदलत नाही. पण जानेवारी २०१७ मध्ये धावताना छातीत कळ आली, तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या ह्याच गृहस्थाने पत्नी, कुटुंब व मित्र ह्यांचे आपण देणे लागतो असे म्हणून तो नेम स्वतः संपविला. एकाच आयुष्यात दशरथ आणि दुष्यंत दोघेही दिसतात. व्यसन ही व्यक्तीवर मारावयाची कायमची मोहोर नसून प्रसंगी प्रसंगी तपासावयाचा संबंध आहे, हे ह्यावरून कळून येईल. मैलांची बेरीज करणाऱ्या प्रश्नावलीस १९९३ चा हिल व २०१७ चा हिल हे एकच दिसले असते.

जिम फिक्सचे उदाहरण नेहमी उलट बाजूने दिले जाते. ज्याच्या पुस्तकाने लक्षावधी लोक धावू लागले, तो २० जुलै १९८४ रोजी व्हरमाँटमध्ये बावन्नाव्या वर्षी धावताच मरण पावला. म्हणून धावण्याचा अतिरेक घातक, असा निष्कर्ष काढण्यात आला. परंतु फिक्सचे वडील त्रेचाळिसाव्या वर्षीच हृदयविकाराने गेले होते. तो स्वतः पस्तिशीच्या सुमारास धावू लागण्यापूर्वी स्थूल होता व खूप सिगारेट ओढीत असे. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाच्या रोहिण्या बऱ्याच अंशी बुजलेल्या आढळल्या. मरणाच्या नाट्यावरून व्यसनाचे अनुमान करणे हे पुरावाशास्त्रास सोडून आहे. आपत्ती हे व्यसनाचे फळ असू शकते, लक्षण असू शकत नाही.

७

आता ह्या निकषाची दुसरी बाजू पाहू. थांबता येणे ही जर कसोटी असेल, तर थांबण्याची सोय नेमाच्या घडणीतच असली पाहिजे. आपल्या परंपरेने अध्ययनाची अशी सोय केली होती. वेदाध्ययन हे श्रेष्ठ कर्म; तरीही अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या हे अनध्यायाचे दिवस ठरलेले असत; वादळ झाले तर अनध्याय, आणि याज्ञवल्क्यस्मृतीप्रमाणे शिष्ट पाहुणा घरी आला तरी अनध्याय. अनध्यायाने अध्ययन खंडित होत नसे. तो अध्ययनाचाच भाग होता. ह्यावर कोणी म्हणेल की, नित्यकर्माला अनध्याय नाही, असेही मनुस्मृतीच सांगते. आक्षेप रास्त आहे, आणि त्यातच प्रस्तुत विकाराचे मूळ सापडते. धावणे हे अध्ययनाच्या कोटीतील कर्म आहे. व्यसनी मनुष्य त्याला नित्यकर्माच्या कोटीत नेऊन बसवितो, आणि मग एक दिवस चुकला तरी त्याला प्रत्यवायाचे पाप लागल्यासारखे वाटू लागते. आज मनगटावरील घड्याळ अखंड दिवसांची साखळी मोजून दाखविते व ती तुटली की रिकामी जागा दाखविते. अनध्यायाला जेथे शून्याची खूण मिळते, तेथे ही कोटीची अदलाबदल अधिकच सुलभ होते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायातही ह्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षणीय आहेत. व्यायाम, प्रवास, जागरण इत्यादींचा अतिरेक अंगवळणी पडलेला असला तरीही करू नये. तसे करणारा हत्तीला ओढणाऱ्या सिंहाप्रमाणे नाश पावतो, असे तेथे सांगितले आहे. सवय झाली आहे हे समर्थन चरकाने आधीच नाकारले. त्याला लागूनच, अहितकर सवय एकदम न सोडता पावा-पावाने, पादांशिक क्रमाने सोडावी, असा उपदेश आहे. बेकेलँडने एकदम महिनाभराचा त्याग मागितला आणि त्याला नकार मिळाला. पहिल्या आठवड्यात एक दिवस मागितला असता तर कोण तयार होते आणि कोण एकही दिवस देत नाही, हे त्याला दिसले असते. आणि तीच माहिती ह्या शास्त्रास हवी होती.

आपल्याकडे मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, आणि तेव्हापासून हौशी धावणाऱ्यांचा वर्ग महाराष्ट्रातील शहराशहरांतून वाढत आहे. ह्या वर्गाचा अभ्यास आपल्या विद्यापीठांतून व्हावयाचा असेल, तर तयार सूचीचे भाषांतर करून गुण मांडणे हा सोपा मार्ग टाळावा, अशी तरुण अभ्यासकांस सूचना करावीशी वाटते. भाषांतरात ‘व्यसन’ हा शब्द आला की उत्तर देणारा मद्याच्या बाटलीकडे पाहून उत्तर देतो, आणि ‘नेम’ हा शब्द आला की देव्हाऱ्याकडे पाहून. त्यापेक्षा प्रत्येकास तीन साधे प्रश्न विचारावेत : कोणत्या कारणासाठी थांबणे योग्य, असे आपल्याला वाटते? तसे कारण गेल्या वर्षात कधी आले? आणि ते आले त्या दिवशी आपण काय केले? पहिल्या प्रश्नाने व्यक्तीचा स्वतःचा निषेध कळतो, तिसऱ्याने त्याची सत्ता कळते. ही उत्तरे गुणांत मांडण्यास कठीण आहेत. परंतु त्यांत मनुष्य दिसतो.

तात्पर्य, हौशी धावपटूची पहाट पाहून त्याच्या निष्ठेची थट्टाही करू नये आणि आरतीही करू नये. ज्याच्या नेमाला अनध्याय ठाऊक आहे, त्याचा तो व्यासंग होय. मग तो कितीही मैल धावो. ज्याच्या नेमाला अनध्याय ठाऊक नाही, त्याच्या पायांना विश्रांतीची व मनाला उपचाराची गरज आहे. मग त्याचे आरोग्य वरवर कितीही उत्तम दिसो.